चैत्रातले सोयरे

फाल्गुन संपत आला की पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीच्या परिसरात सगळ्यांत जास्त फुले कुठे दिसतात, या प्रश्नाचे खरे उत्तर जरा अडचणीचे आहे. ती पवना नदीत दिसतात, आणि ती जलपर्णीची असतात. पुलावरून खाली पाहिले तर या काठापासून त्या काठापर्यंत पाणी दिसतच नाही. जाड, तकतकीत पानांचा एकच थर आणि त्यातून वर आलेले फिकट जांभळे तुरे. फूल हातात घेऊन पाहावे इतके देखणे आहे. सहा पाकळ्या, त्यांतल्या वरच्या पाकळीवर गडद जांभळा डाग आणि डागाच्या मधोमध पिवळा ठिपका, थेट मोरपिसाच्या डोळ्यासारखा. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचे अन्न, आणि खुराक भरपूर मिळाला तर साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. म्हणजे पवनेत दर वर्षी फुलणारा हा वसंत तुमच्या-आमच्या मोऱ्यांनी पोसलेला आहे. संध्याकाळी पुलावर थांबून फोटो काढणाऱ्याला तो सुंदर वाटतो, आणि त्यात त्याची काही चूकही नाही. पण वसंतातल्या निसर्गात आध्यात्मिक अर्थ सापडतो असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा या फुलाचे काय करायचे? नुसत्या सौंदर्याने मन भरून येणे हाच जर तो अर्थ असेल, तर जलपर्णी त्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होते. तिथेच काही तरी चुकते आहे, हे मात्र लगेच जाणवते.

काय चुकते ते सांगायला मराठीत एक नेमका शब्द आहे, आणि तो रहाटणीपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या देहूतून आलेला आहे. झाडे, वेली आणि रानातले जीव यांना तुकोबांनी ‘सोयरे’ म्हटले. तो अभंग शाळेत इतक्या वेळा म्हणून घेतला जातो की शब्दाची धार बोथट होते. वृक्षारोपणाच्या फलकावर तो रंगवला की ती उरतच नाही. पण तुकोबांनी झाडांना सगे म्हटलेले नाही. गेल्या काही वर्षांत ‘सगेसोयरे’ हा जोडशब्द आरक्षणाच्या निमित्ताने घराघरांत पोचला आणि त्यातल्या दोन अर्ध्यांमधला फरकही चर्चेत आला. सगे रक्ताचे, ते जन्माने मिळतात, त्यासाठी काही करावे लागत नाही. सोयरे लग्नाने जोडलेले. दोन अनोळखी घरांनी ठरवून, बोलणी करून, मानपान सांभाळून जुळवलेले नाते. ते जपावे लागते. येणे-जाणे ठेवावे लागते, आहेर-माहेर बघावे लागते, सुतकाला आणि जावळाला हजर राहावे लागते, नाही तर सोयरीक नावापुरती उरते. निसर्ग आपला ‘सगा’ आहे, आपण सगळे एकच आहोत, ही भावना ऐकायला उदात्त आहे, पण फुकटची आहे. सोयरेपणाची भाषा जास्त कडक आहे आणि म्हणूनच जास्त खरी वाटते. झाडात अर्थ आधीच भरून ठेवलेला नसतो. झाडाशी नाते जोडले आणि चालवले की तो येतो. वसंताबद्दल या लेखात जे म्हणायचे आहे ते एवढेच, आणि पुढचे सगळे त्याच दाव्याची तपासणी आहे.

देहूतच ती सुरू करता येते. होळीनंतर दोन-तीन दिवसांनी, फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीज असते. परंपरेप्रमाणे १६५० साली याच तिथीला तुकोबांचे वैकुंठगमन झाले. २०२५ मध्ये त्याला ३७५ वर्षे झाली. गोपाळपुऱ्यातल्या वैकुंठगमन मंदिराजवळ नांदुरकीचे झाड आहे, वड-पिंपळाच्या कुळातले. बीजेला भर दुपारी बारा वाजता हे झाड हलते, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्या क्षणी हजारो लोक झाडाकडे तोंड करून उभे असतात, फुले उधळतात, तुकोबांचा गजर करतात. यावर विवेकवाद्याचा आक्षेप उघड आहे: फाल्गुनातल्या दुपारी वारा असतो, पाने हलणारच, त्यात चमत्कार कसला? आक्षेप बरोबर आहे आणि तो खोडण्याची गरजही नाही. लक्षात घ्यायची गोष्ट निराळी आहे. एका झाडाचे पान हलते की नाही हे पाहण्यासाठी एवढा समुदाय ऐन उन्हात श्वास रोखून वर बघतो, हे आजच्या जगात विरळ आहे. पान दररोज हलते. बघणारे त्या दिवशी असतात. आणि त्याच श्वासात दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या इंद्रायणीच्या काठावर हे घडते, ती पुढे आळंदीला पोचते तेव्हा तिच्यावर रासायनिक फेस तरंगत असल्याच्या बातम्या वर्षातून अनेकदा येतात. झाडाकडे वर बघणाऱ्या नजरेने चार पावलांवरच्या पाण्याकडे बघितले नाही, तर सोयरीक एका बाजूनेच झाली.

आपल्याकडच्या वसंताचा स्वभावही जरा समजून घेतला पाहिजे, कारण त्याच्याविषयीच्या बऱ्याच आध्यात्मिक कल्पना उसन्या आहेत. युरोपातला वसंत बर्फाखालून येतो. तिथे हिवाळा म्हणजे मरण आणि वसंत म्हणजे पुनरुत्थान, हे रूपक हवामानानेच लोकांच्या हातात दिले. मावळच्या पायथ्याच्या या पट्ट्यात तसे काही होत नाही. इथे पानगळ आणि पालवी एकाच पंधरवड्यात, कित्येकदा एकाच फांदीवर चालतात. करंज एका आठवड्यात उघडाबोडका होतो आणि पुढच्या आठवड्यात पोपटी. पिंपळाची तांबूस, ओलसर वाटणारी नवी पाने जुन्या पानांच्या सड्यावर सावली धरतात. पळस, पांगारा आणि सावर तर पाने झाडून टाकल्यावरच फुलतात. निष्पर्ण फांदीवरची लाल फुले लांबून दिसतात आणि मधासाठी मैना, बुलबुल, शिंजीर, इतकेच काय पण मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेल्या आणि आता परतीच्या तयारीत असलेल्या भोरड्याही तिथे गर्दी करतात. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे ही पालवी वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत फुटते. पाऊस दोन-अडीच महिने लांब असतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात, सोसायटीच्या दारात टँकर उभा असतो, आणि झाड नवी पाने काढते. याची कारणे वनस्पतिशास्त्र देते: दिवस मोठा होत जातो, खोल मुळे आणि खोडातला साठा कामी येतो, कोवळ्या पानातला लाल रंग त्याला कडक उन्हापासून सांभाळतो. कारणे कळल्याने नवल कमी होत नाही. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहिताना वर्ष चैत्रापासून धरले, ते पंचांगाला धरूनच. पण त्या पुस्तकाने मराठी वाचकाला शिकवले ते असे की आपला ऋतू आपल्याच झाडांवर वाचायचा असतो. जे सुकते आहे त्याच फांदीवर फुटते आहे, मधे रिकामी जागा नाही, ही आपल्या वसंताची शिकवण पुनरुत्थानाच्या रूपकापेक्षा वेगळी आहे; मला तर ती जास्त प्रौढ वाटते.

आता पहिला मोठा आक्षेप. निसर्ग गोड नाही, आणि त्याच्यात अध्यात्म पाहणारे लोक सोयीचे तेवढेच पाहतात. या आक्षेपाचा सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे स्वतः कोकीळ. वसंताची दूत वगैरे जी काही विशेषणे आपण तिला लावली त्यांत पहिली चूक लिंगाची आहे; कुहूकुहू करणारा तो काळा नर असतो, ठिपक्यांची मादी नुसती किकिक करत पळते. दुसरी गोष्ट अधिक अवघड. हे गाणे म्हणजे कावळ्याच्या संसारावर आलेल्या टोळधाडीची नांदी आहे. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात टाकते, तिचे पिल्लू आधी बाहेर येते, आधी तोंड उघडते, आणि कावळ्याची स्वतःची पिल्ले अनेकदा उपाशी मरतात. पहाटे चारला चालू झालेली जी लांबण ऐकून एखाद्याला ईश्वराची आठवण होते, ती कावळ्याच्या दृष्टीने काय आहे? पण हा आक्षेप जितका तिखट वाटतो तितका खोल जात नाही. तो लागू पडतो तो निसर्गाकडे प्रमाणपत्र मागणाऱ्या अध्यात्माला, म्हणजे ‘बघा, सृष्टी किती मंगल आहे’ असे म्हणणाऱ्याला. सोयऱ्याबद्दल आपण असे कधी म्हणत नाही. व्याही कसा आहे हे नीट ठाऊक असूनच सोयरीक चालते. शिवाय आपल्या परंपरेने कावळ्याला कुठे बसवले आहे ते पाहण्यासारखे आहे. पवनेच्या घाटावर दहाव्याच्या पिंडाला तो शिवेपर्यंत माणसे हात जोडून तिष्ठत राहतात. चैत्र-वैशाखात जो दुसऱ्याची पिल्ले वाढवतो, त्याच्याच तोंडून मेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली की नाही हे आपण विचारतो. ही जुळणी कुणी योजून केलेली नसेल, पण सृष्टीतला गोड पक्षी आणि अर्थाचा पक्षी निरनिराळे आहेत, एवढे या समाजाला फार पूर्वी कळले होते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: इतके सगळे शास्त्र माहीत झाल्यावर भक्ती कशी उरणार? फुलात परागकण, गाण्यात संप्रेरके, बस्स. यावर उंबराकडे पाहावे. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो, कारण उंबर फुललेला कुणी पाहिलेला नाही. खरे तर उंबराचे प्रत्येक फळ हे आत वळलेल्या शेकडो फुलांचा बंद डबा असतो. त्याच्या तोंडाशी एक अतिशय बारीक भोक असते. तीळभरही नसलेली गांधीलमाशीच्या जातीची एक मादी त्यातून आत घुसते; घुसताना तिचे पंख तुटतात. आत ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखांचे जन्मतात, माद्यांशी मीलन करतात, त्यांच्यासाठी फळाच्या भिंतीतून बोगदा खणतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून बाहेर पडतात आणि दुसरे उंबर शोधत उडतात. या झाडाखाली दत्ताच्या पादुका ठेवणाऱ्या माणसाला यातले काही ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावर तो पादुका उचलून नेईल असे वाटत नाही. उलट फळ तळहातावर घेऊन जरा जास्त वेळ थांबेल. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर रानात फिरून, आदिवासींकडून पक्ष्यांची नावे गोळा करून ‘पक्षिकोश’ रचला. नाव कळणे ही ओळखीची पहिली पायरी, आणि अनोळखी माणसाशी सोयरीक होत नाही. ज्ञानाने श्रद्धा मरते हे खरे असेल, तर ती श्रद्धा त्या झाडावर नसून आपल्या कल्पनेवर होती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो रहाटणीतल्याच माणसाचा आहे. इथे निसर्ग आहेच कुठे? एकेकाळच्या शेतांवर बारा-चौदा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत, एका अंगाला पिंपरी-भोसरीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला हिंजवडी, आणि चाकणच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाची बस नखाते वस्तीच्या चौकात उजाडायच्या आत येते. त्याला वसंताचे अध्यात्म सांगणे ही भरल्या पोटाची चैन नव्हे काय? अंशतः आहे. सुट्टी काढून, पैसे भरून ताम्हिणीत पळस बघायला जाणे ही चैनच. पण त्या चौकात बस येण्याची वाट पाहताना जो आवाज ऐकू येतो त्याला पैसे पडत नाहीत. टुक, टुक, टुक, टुक. मिनिटाला शंभराच्या घरात, एकाच लयीत, कुठून येतो ते न कळणारा. तो तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, पिवळा गळा, छातीवर लाल पट्टा. चोच मिटलेली ठेवून गळा फुगवून तो हा ठोका देतो आणि दर ठोक्याला मान फिरवतो, म्हणून आवाजाची दिशा फसवते. भांडी ठोकणाऱ्या तांबटाचे नाव लोकांनी त्याला दिले. प्रेसशॉपमध्ये दिवसभर ठोके ऐकणाऱ्या माणसाच्या वस्तीत हाच पक्षी सगळ्यांत जास्त बोलतो, यात कुठलाही संकेत नाही. पण आपल्या कामाच्या आवाजावरून पक्ष्याला नाव ठेवणारे लोक फुरसतवाले नव्हते, कारागीर होते, एवढे तरी यातून दिसते. ओळख कष्टाच्या अंगानेच झाली होती. तांबट आपले घरटे वाळक्या, मऊ झालेल्या फांदीत चोचीने भोक पाडून करतो. सोसायटीच्या आवारातली वाळकी फांदी धोकादायक म्हणून फेब्रुवारीत छाटली जाते, आणि पुष्कळदा ती खरेच धोकादायक असते. तरी, छाटण्याआधी खालून एकदा वर बघणे याला कुणाची पाळी चुकत नाही.

घरातल्या चालीरीतींनी हे बघणे एके काळी अंगवळणी पाडले होते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत काही घरांच्या दारात चैत्रांगण काढत. सगळ्या घरांत नव्हे, पण जिथे काढत तिथे रोज. देव्हाऱ्यातली गौर, चंद्र-सूर्य, तुळस यांच्या बरोबरीने त्यात कासव असे, नाग असे, हत्ती असे, मोर असे, गोपद्मे असत. म्हणजे वसंत आला की अंगणात जनावरांना बोलावून बसवायचे, आणि तेही बोटांच्या चिमटीतून पांढरी रांगोळी सोडत, एकेक रेघ मोजून. आता त्याचे छापील स्टिकर मिळते आणि ते फ्लॅटच्या उंबऱ्यासमोर वर्षभर चिकटलेले राहते. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. दोन दारांमधल्या दीड मीटर जागेत दुसरे काय करणार? पण स्टिकर लावताना कासव किती पायांचे काढायचे हा प्रश्न पडत नाही, आणि तो पडणे हाच त्या रीतीचा गाभा होता. पाडव्याच्या कडुलिंबाचेही तसेच. आदल्या दिवशी चौकाचौकांत डहाळ्यांचे ढीग विकायला येतात. त्यांवर पांढरा बारीक मोहर असतो, त्याला अगदी हलका मधाचा वास येतो, आणि खूप जण तो वास न घेताच डहाळी गुढीला बांधतात. कडू पान गुळाबरोबर चावण्याने वर्ष कसे जाईल ते सांगता येणार नाही. तेवढे एक मिनिट मात्र ऋतू जिभेवर असतो, जे फोटोत होत नाही.

या सगळ्यानंतर सोयरेपणाचा देणे-घेण्याचा भाग उरतो, आणि तिथे पवनेकडे परत यावेच लागते. रावेतच्या बंधाऱ्यातून या शहराचे पिण्याचे पाणी उचलले जाते. तीच नदी मग चिंचवडला मोरया गोसावींच्या संजीवन समाधीजवळून जाते, आणि थेरगाव, काळेवाडी ओलांडून रहाटणी-पिंपळे सौदागरच्या काठाशी येईपर्यंत तिचे रूप पालटलेले असते. काही किलोमीटरच्या अंतरात एकाच पाण्याला आपण आधी तोंड लावतो, मग हात जोडतो, मग पाठ फिरवतो. जलपर्णी हा त्या पाठ फिरवण्याचा मोहर आहे. अध्यात्माने असल्या प्रश्नांत पडू नये, हे महापालिकेचे आणि सांडपाणी प्रकल्पांचे काम, असे कुणी म्हणेल. काम त्यांचेच आहे. पण याच पट्ट्यात एकदा उलट घडलेले आहे. चाकणजवळचा भामचंद्र डोंगर तुकोबांच्या चिंतनाची जागा मानला जातो. त्याच्या परिसरात शिंदे-वासुली इथे डाऊ केमिकलचे संशोधन केंद्र येणार होते. २००८ मध्ये त्याविरुद्ध गावकरी आणि वारकरी एकत्र उभे राहिले. आंदोलनाला हिंसक वळणही लागले, त्याचे समर्थन करता येणार नाही. कारखाने नकोत असे म्हणणेही चाकणच्या भाकरीवर जगणाऱ्या हजारो घरांना परवडणारे नाही. तरी एवढे खरे की कंपनीला अखेर तिथून माघार घ्यावी लागली, आणि लोकांना घराबाहेर काढण्यात प्रदूषणाच्या भीतीइतकाच वाटा ‘हा तुकोबांचा डोंगर आहे’ या वाक्याचाही होता. एरवी पर्यावरणाच्या सभेला न येणारा माणूस त्या वाक्याने आला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांनाही असेच दिसले होते. कायद्याने न वाचलेले रान देवाच्या धाकाने वाचले होते. धाक हा चांगला पाया नाही, असे म्हणता येईल, आणि धाक गेल्यावर कित्येक राया तुटल्याही. सोयरीक धाकापेक्षा टिकाऊ असते, कारण तिच्यात भीतीची जागा लाजेने घेतलेली असते. पाहुण्याच्या ताटात काय वाढले, याची लाज.

ही लाज अजून शाबूत आहे का ते पाहायचे असेल तर लांब जायला नको. पिंपरी, पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, चिंचवड. व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला तरी या नावांत झाडे ऐकू येतात. वसंतात पिंपळाची बारीक फळे पिकतात, तांबट आणि मैना ती खातात, आणि बी विष्ठेतून सातव्या-आठव्या मजल्याच्या सज्जावर, पाइपच्या कोपऱ्यात, एसीच्या खोक्याखाली पडते. तिथे चिमूटभर धूळ पुरते. चैत्रात एके दिवशी तिथे दोन तांबूस पाने लवलवताना दिसतात. मुळे भिंतीत शिरली की गळती ठरलेली, त्यामुळे पावसाळ्याआधी ती उपटायलाच हवीत, हे सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांना मान्य असते. ठराव होतो, खर्च मंजूर होतो. मग उपटणार कोण, हा प्रश्न येतो. पिंपळ आहे, म्हणून अध्यक्ष हात लावत नाहीत, सचिव लावत नाहीत, वॉचमन म्हणतो दुसरे काही सांगा. शेवटी रंगाऱ्याला दोरावरून खाली उतरताना हळूच सांगितले जाते, आणि त्यालाही कुणी तरी खालून ओरडून बजावते की मुळासकट काढ, फेकू नको, गोणपाटात घालून खाली दे.